दुसऱ्यांदा जाताना

दहिवलीतील एखाद्या व्यापारी कुटुंबाचे घर डोळ्यांसमोर आणावे. रस्त्याकडे तोंड केलेले किराण्याचे दुकान, वरच्या मजल्यावर राहते घर, आणि रात्रीच्या शांततेत कर्जत स्थानकातून घाटाकडे निघालेल्या गाडीमागच्या बँकर इंजिनांची घरघर. वडील आणि धाकटा मुलगा दुकान पाहतात. थोरला मुलगा अभियंता. लग्नानंतर तो पत्नी व लहान मुलीसह न्यू जर्सीत साडेचार वर्षे राहिला आणि वडिलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी सर्व आवरून परत आला. त्याला आता पाच वर्षे झाली. वडील बरे आहेत, अर्धा दिवस गादीवर बसतात. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत शिकणारी. थोरला नवी मुंबईतील एका कंपनीचे काम काही दिवस घरून, काही दिवस जाऊन-येऊन करतो. असे बरे चाललेले असताना एका शुक्रवारी जुन्या अमेरिकन कंपनीचे पत्र येते: जागा मोठी, पगार तिथल्या मानानेही मोठा, उत्तर दहा दिवसांत हवे.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला सारे एकत्र बसतात, तेव्हा विषय निघतोच. वडील ताटावरून नजर न उचलता म्हणतात, "तू जा. आमची काळजी करू नकोस." हे वाक्य घराघरांत उच्चारले जाते आणि त्याचा अर्थ बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला वेगवेगळा लागतो. सून गप्प असते. तिथे तिला काम करण्याची परवानगी नव्हती, ती साडेचार वर्षे तिने कशी काढली हे तिचे तिला ठाऊक. मुलीला विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आजी मात्र सरळ विचारते, "मागच्या वेळीही दोनच वर्षांसाठी गेला होतास ना रे?"

साऱ्या चर्चेतील हाच प्रश्न कामाचा. पहिल्यांदा परदेशी जाणारा अज्ञानाच्या बळावर जातो. तिथली थंडी, तिथला एकटेपणा, रुपयात गुणून पाहिलेल्या पगाराचा प्रत्यक्ष आकार, भारतातून रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनने उडणारा थरकाप, यांतले काहीच त्याला माहीत नसते आणि म्हणून त्याचे पाऊल हलके पडते. दुसऱ्यांदा जाणाऱ्याला ही सवलत नाही. त्याने किंमत एकदा मोजलेली असते. तरीही बहुतेक घरांत दुसऱ्या वेळचा विचार पहिल्या वेळेसारखाच, केवळ पगाराच्या आकड्याभोवती होतो. मागच्या वास्तव्याने जे शिकविले ते कोणी वहीत उतरवीत नाही. उधारीची एकेक नोंद जपणाऱ्या व्यापारी घरांत ही चूक व्हावी, हे अधिकच नवलाचे.

परदेशातून परतलेल्या माणसाला पुन्हा बोलावणे यावे आणि त्याने जावे की राहावे याचा निवाडा एकदा नव्हे, तीनदा करावा, असे एक उदाहरण महाराष्ट्र-गोव्याच्या इतिहासात आहे. धर्मानंद कोसंबी यांचे नाव जैन वाचकांना 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' या ग्रंथामुळे परिचित असेल. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद बौद्ध धर्माच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश अशी भ्रमंती करून ते पालीचे पंडित झाले. पुढे कलकत्त्यात अध्यापनाची चांगली संधी चालून आली असता त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहायचे आणि लेखन करायचे. कलकत्त्यास याहून कितीतरी अधिक मिळाले असते. आपले काम कोठे व्हावे याची किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून दिली. नोकरीची पत्रे घेऊन बसलेल्या आजच्या तरुणांनी ही गोष्ट विसरू नये, कारण परदेशगमनाची त्यांची कथा परदेशाच्या आकर्षणापासून सुरू होत नाही.

हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले ते एका विशिष्ट कामासाठी. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनास हात घातला होता. १८९९ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी पालीचा जाणकार हवा होता. १९१० मध्ये धर्मानंद गेले, एकटेच. काम चालू असताना ग्रंथावर श्रेय कोणाच्या नावे असावे, यावरून त्यांचे आणि प्राध्यापक लॅनमन यांचे पटेनासे झाले. १९१२ मध्ये ते काम तसेच ठेवून परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. तिथे सहा वर्षे गेली. त्यांच्या हाताखालून पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे अभ्यासक तयार झाले. महाराष्ट्रात पालीचे अध्ययन रुजावे हा मूळ हेतू डोळ्यांदेखत सफळ होत होता. अशा वेळी हार्वर्डहून पुन्हा विचारणा झाली.

या टप्प्यावर कोणीही सहज म्हणेल की अपमानाच्या जागी पुन्हा कशाला जावे. किंवा याच्या उलट, एवढ्या मोठ्या विद्यापीठाला नाही म्हणणारा शहाणा कसा. धर्मानंद १९१८ मध्ये गेले. पण या वेळी जाण्याची रीत बदलली होती. पहिल्या वेळी ते एकटे होते. या वेळी थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर त्यांच्यासोबत होते. माणिक रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकली. दामोदर केंब्रिजच्या शाळेत शिकला आणि पुढे हार्वर्डचा पदवीधर होऊन गणितज्ञ व इतिहासकार दा. ध. कोसंबी म्हणून जगाला ज्ञात झाला. म्हणजे दुसऱ्या जाण्याचा लाभ ज्या ग्रंथासाठी ते गेले त्याहून अधिक मुलांच्या वाट्याला आला. ग्रंथ १९२२ मध्ये त्यांच्या परतण्याच्या वेळीही छापून निघालेला नव्हता.

या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पत्नी बाळाबाई या काळात मायदेशीच राहिल्या. १८९९ मध्ये पती घर सोडून गेला तेव्हाही मागे राहण्याचा वाटा त्यांचाच होता आणि १९१८ मध्ये दोन मुले सातासमुद्रापार गेली तेव्हाही त्यांचाच. विद्वानांच्या चरित्रांत अशा स्त्रियांना एखाद-दुसरे वाक्य मिळते. ज्यांच्या बळावर कोणीतरी जाऊ शकते त्यांचे मत निर्णयाच्या वेळी विचारले गेले होते की नव्हते, हे चरित्रकाराला सहसा कळत नाही; घरातल्यांना मात्र पुरते ठाऊक असते.

परतल्यावर धर्मानंद अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात गेले. तेथील पुरातत्त्व मंदिरात पंडित सुखलालजी, मुनी जिनविजयजी यांच्यासारख्या जैन विद्वानांचा सहवास लाभला. या दिवसांतही हार्वर्डचे काम सुटले नव्हते. १९२६ मध्ये ते तिसऱ्यांदा गेले. मधल्या काळात रशियात लेनिनग्राडलाही काही काळ राहिले, आणि १९३१-३२ मध्ये चौथ्यांदा हार्वर्डला जाऊन त्यांनी विसुद्धिमग्गाचे काम एकदाचे तडीस नेले. तेव्हा त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे होते. तो ग्रंथ हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेत निघाला १९५० मध्ये. वॉरनच्या नावासोबत धर्मानंदांचेही नाव त्यावर आहे. ते स्वतः ते पाहण्यास नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अनशन करून त्यांनी देह ठेवला होता. पार्श्वनाथांवरील ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. या ग्रंथात सल्लेखनेविषयी आदराने लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचा अंतही त्याच वाटेने स्वीकारला.

चार वेळा समुद्र ओलांडणाऱ्या या माणसाच्या प्रत्येक जाण्यामागे एक नाव घेता येण्यासारखे काम होते आणि ते काम संपले की परतण्याचे ठिकाणही ठरलेले होते. दहिवलीच्या घरातील थोरल्याकडे आलेल्या पत्रात असे काम आहे का? की केवळ पद आहे? पद आणि काम यांतला भेद पगारपत्रकात दिसत नाही. ज्या प्रकल्पासाठी मागच्या वेळी रात्री जागविल्या, जो अर्धवट टाकून यावे लागले म्हणून मन आजही खंतावते, त्याचेच बोलावणे असेल तर जाण्याला अर्थ आहे. केवळ 'तिथे आपली किंमत होती' ही हुरहुर असेल, तर ती दोन हिवाळ्यांत विरते.

जैन समाजाला याच संदर्भात वीरचंद राघवजी गांधी आठवावेत. १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेत त्यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले, हे सर्वश्रुत आहे. समुद्रप्रवासाला विरोध करणाऱ्या स्वकीयांची बोलणी त्यांना परतल्यावर ऐकावी लागली, तरी १८९६ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला गेले. १९०१ मध्ये, वयाची सदतीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या काळी समाज 'जाऊ नकोस' म्हणून अडवीत असे. आज विमानतळावर पोचवायला दोन मोटारी भरून नातेवाईक येतात आणि अडविणारा कोणी उरत नाही, म्हणून स्वतःला अडवून विचार करण्याचे काम जाणाऱ्यावरच येऊन पडते.

श्रावकाच्या बारा व्रतांत या विचाराला जुनी जागा आहे. दिग्व्रत म्हणजे दाही दिशांना आपण किती दूरवर जाऊ याची मर्यादा आखणे. व्यापाऱ्याने दूरदेशी जाऊच नये असा त्याचा अर्थ नाही. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाने आपल्या मर्यादा आखताना परदेशच्या वाहतुकीसाठी पाचशे गाडे आणि चार जहाजे राखून ठेवली होती. मर्यादा नकाराची नव्हती, आकड्याची होती. या व्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत दोन आजच्या नोकरदारालाही लागू पडतात: क्षेत्रवृद्धी, म्हणजे आखलेले क्षेत्र हळूच वाढविणे, आणि स्मृत्यंतराधान, म्हणजे आखलेली मर्यादाच विसरून जाणे. दोन वर्षांची साडेचार वर्षे कशी झाली, हा आजीचा प्रश्न याच दुसऱ्या दोषाकडे बोट दाखवितो. आजीने सूत्र वाचलेले असो वा नसो.

आता व्यवहार. अमेरिकेच्या एच-१ बी व्हिसावर एकूण सहा वर्षे राहता येते. देशाबाहेर काढलेला काळ त्यात मोजला जात नाही. साडेचार वर्षे वापरली असतील तर उरलेल्या दीड वर्षावर सोडतीच्या फेऱ्यात न पडता हक्क सांगता येतो. पण त्या दीड वर्षात कंपनीने कायम वास्तव्याच्या अर्जाची प्रक्रिया पुरेशी पुढे नेली नाही तर पुन्हा बिस्तरा गुंडाळावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरील उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लादले गेले. अशा फेऱ्यातून आपला अर्ज कसा जाणार आहे आणि तो खर्च कोण करणार, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर दुकानातली साखरेची पोती कोणी सोडत नाही.

कायम वास्तव्याची रांग भारतीयांसाठी फार लांब आहे. मुलगी आज तेरा वर्षांची. एकविसावे वर्ष पूर्ण होताच आईवडिलांच्या व्हिसावर राहण्याचा तिचा अधिकार संपतो. तेव्हा तिला स्वतंत्र विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल किंवा परतावे लागेल. आठ वर्षांत रांग पुढे सरकेल अशी आशा बाळगणारे अनेक आईबाप एकविसाव्या वाढदिवसाच्या आधी वकिलांच्या दारी बसलेले दिसतात. तिसरीत असताना ती तिकडून आली, तेव्हा तिला मराठी वाचता येत नव्हते. आज ती दुकानाच्या पाट्या वाचते, आजीबरोबर प्रतिक्रमणाला बसते. आठवीत उचलून नेलेल्या मुलीचे नुकसानच होते असे नाही, दामोदर कोसंबी अकराव्या वर्षी गेलेच होते. परंतु तिला विचारले पाहिजे. सुनेचीही तीच गोष्ट: पतीची कायम वास्तव्याची याचिका मंजूर होईपर्यंत जोडीदाराला साधारणपणे काम करता येत नाही. इथे ती दोन वर्षांपासून दुकानाचे जीएसटीचे हिशेब सांभाळते आहे. पुन्हा रिकाम्या हातांनी राहण्याचा काळ किती, हे तिच्यासमोर आकड्यांत मांडणे हे पतीचे कर्तव्य ठरते.

पैशाच्या हिशेबातही एक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास ४० श्रेयांक लागतात. वर्षाला अधिकाधिक चार मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षांची नोकरी. जर्मनी, फ्रान्स, जपान अशा अनेक देशांशी भारताचे याविषयी करार आहेत, अमेरिकेशी नाही. साडेचार वर्षांत साठलेले अठराएक श्रेयांक बुडत नाहीत, खात्यावर राहतात; पण आणखी दीड वर्ष राहून परतले तरी ते २४ च होतील. दहा वर्षे पुरी करायची असतील तर साडेपाच वर्षे आणखी काढावी लागतील, आणि तेव्हा वडील ७७ वर्षांचे असतील. हे दोन आकडे एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहिले की वेगळे दिसतात.

आईवडिलांची काळजी या शब्दाचेही असेच आकड्यांत भाषांतर करावे. रात्री दोन वाजता छातीत दुखले तर गाडी कोण काढणार. खोपोलीकडे न्यायचे की पनवेलकडे. धाकटा भाऊ माल आणायला वाशीला गेला असेल तेव्हा काय. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि दहिवलीहून विमान गाठणे पूर्वीपेक्षा सोपे झाले, हे खरे. पण न्यू जर्सीहून निघालेला मुलगा घरात पाऊल टाकेपर्यंत एक पुरा दिवस जातो, त्यात बदल झालेला नाही. धाकट्या भावाशी या बाबतीत मोकळेपणाने बोलणे थोरल्याला अवघड जाते. मागच्या साडेचार वर्षांत वडिलांचे सारे त्यानेच पाहिले, आणि त्याबद्दल दोघांत एक शब्दही झालेला नाही. भागीदारीच्या करारपत्रात नफ्याचा वाटा लिहिलेला असतो, सेवेचा नसतो. तो लिहिता येत नाही. पण बोलता तर येतो.

जाणे आणि राहणे याखेरीज तिसरी वाटही असू शकते, आणि धर्मानंदांनी ५० रुपयांच्या बदल्यात जी मागितली तिचे हे आजचे रूप: जागेची अट. कंपनीला माणूस हवा असेल, तर काम दहिवलीत बसून करण्याची मुभा आणि वर्षातून ठरावीक आठवडे तिकडे, एवढ्यावर ती राजी होते का हे विचारल्याशिवाय कळत नाही. पगार कमी होईल. किती कमी, हा प्रश्न विचारायला दहा दिवस पुरेसे आहेत. नकाराच्या भीतीने पुष्कळ लोक हा प्रश्न विचारतच नाहीत आणि मग 'पर्याय नव्हता' असे सांगत राहतात.

अशा घरात आठव्या दिवशी काय घडेल याचा तर्क करता येतो. दुकान बंद झाल्यावर थोरला गादीवर वडिलांसमोर बसेल. धाकटाही असेल, सूनही असेल, मुलगी उंबऱ्याशी उभी राहून ऐकेल. कंपनीला पाठवायच्या पत्रात चार गोष्टी असतील: काम नेमके कोणते, कायम वास्तव्याचा अर्ज कोणत्या महिन्यात दाखल होणार, शुल्क कोण भरणार, आणि दहिवलीत राहून हेच काम करता येईल का. वडील चष्मा पुसत सारे वाचून घेतील आणि विचारतील, "आणि गेलास, तर परत केव्हा? तेही लिही." थोरला म्हणेल, हे कंपनीला लिहायचे नसते. वडील गल्ल्याच्या खणातून चालू वर्षाची वही काढतील, कोरे पान उघडतील आणि वही त्याच्याकडे सरकवतील.

"कंपनीला नको. इथे लिही. दिवाळी कोणती ते."

मुलगी आत येऊन वहीवर वाकून पाहील. थोरला बराच वेळ पेन हातात धरून बसेल.